वनाभाऊंची पट्टी

आमच्या पारोळ्याच्या दवाखान्यात आजवर किती लोकांचे कार्डिओग्राम निघाले हे मला सांगता येणार नाही, पण ते कुणी काढले हे सांगता येईल. सगळे वनाभाऊंनी काढले. वना पाटील, मुक्काम सावखेडे, आमचे कंपाउंडर. कार्डिओग्रामला आमच्याकडे पट्टी म्हणतात. "मनी पट्टी काढी द्या", माझी पट्टी काढून द्या, असं म्हणत पेशंट येतो आणि मला ओलांडून थेट वनाभाऊंच्या खोलीत शिरतो. या माणसाबद्दल मी आजवर दोनदा व्यासपीठावरून बोललो आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. आता जे लिहितोय त्याला टाळ्या पडू नयेत एवढीच इच्छा आहे.

वनाभाऊ एकोणीस वर्षांचे असताना माझ्या वडिलांकडे कामाला लागले. दहावी नापास. वडीलही डॉक्टर, बाजारपेठेत दोन खोल्यांचा दवाखाना. वडिलांनी त्यांना पहिलं काम दिलं ते काचेच्या सिरिंज उकळायचं. मग औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवायचं. वर्षभरात वनाभाऊ पेशंटच्या चालण्यावरून ताप किती असेल ते सांगू लागले, आणि बहुतेक वेळा एखाद्या रेघेचाच फरक पडायचा. वडील म्हणायचे, "हा पास झाला असता तर माझा धंदा बसला असता."

सावखेडे पारोळ्यापासून अकरा किलोमीटर. आठला दवाखान्याचं कुलूप उघडायचं म्हणून वनाभाऊ सातला घर सोडत. दांडीची काळी सायकल, कॅरिअरला कापडी पिशवी, पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. ऊन असो, वारा असो, कुलूप आठला उघडलं नाही असा दिवस मला आठवत नाही. त्याच सायकलवर मी शिकलो. दुपारी दवाखाना मिटला की ते मला किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत नेत. मी दहा वर्षांचा, सीटपर्यंत पोचायचो नाही, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारायचो. ते मागं कॅरिअर धरून पळत आणि ओरडत, "लीलाभाऊ, मांगे दखू नको! मी धरेल शे!" धरलेलं नसायचंच. माझे दोन्ही गुडघे फुटले, तेव्हा आयोडीनही त्यांनीच लावलं.

मी एमडी करून परत आलो त्या दिवशी त्यांनी मला "साहेब" म्हटलं. आदल्या दिवाळीपर्यंत मी लीलाभाऊ होतो. मी म्हणालो, हे काय नवीन? तर म्हणाले, "आते पेशंट दखी राहिनात ना." वडील गेले, दवाखाना मोठा झाला, पट्टीचं मशीन आलं. मशीनवाल्या कंपनीच्या पोरानं दोन तास शिकवलं, त्यातला पहिला तास वनाभाऊंनी ऐकला आणि दुसरा त्यांनीच त्या पोराला ऐकवला. बरगड्या बोटानं मोजायच्या, ज्याच्या छातीवर केस दाट त्याच्या सहा जागी रुपयाएवढे चट्टे ब्लेडनं साफ करायचे, मलम लावायचं, रबरी फुगे दाबून बसवायचे आणि म्हणायचं, "श्वास सोडा, हालू नका." पट्टीच्या मागं नाव, वय, गाव. आकडा चुकलेला मी कधी पाहिला नाही. एखादी म्हातारी वय चाळीस सांगायची, तर तिच्या थोरल्या मुलाचं वय विचारून तिचं खरं वय लिहीत.

पट्टी माझ्या टेबलावर काचेच्या वजनाखाली यायची. कोपऱ्यात मी पेन्सिलीनं एक शब्द लिहायचो. "ठीक" म्हणजे घरी पाठवा. "सोम" म्हणजे सोमवारी पुन्हा आणा, कारण सोमवारी मी निवांत असतो. "धुळे" म्हणजे मला विचारत बसू नका, गाडी बोलवा आणि धुळ्याला रवाना करा. वर्षानुवर्षं या तीन शब्दांवर आमचं काम चाललं. "धुळे" वाचल्यावर वनाभाऊ कधी धावले नाहीत, पण पाच मिनिटांत गाडी दारात असायची.

आता माझं सांगतो. पंचेचाळीसाव्या वर्षी माझी साखर वाढली आणि मला सायकल आठवली. नुसती सायकल घेऊन चालवली असती तर बरं झालं असतं. मी सायकल मंडळ काढलं. हेल्मेट आलं, घट्ट चड्ड्या आल्या, मागच्या बाजूला गादी शिवलेल्या. सायकल अशी घेतली की तिची किंमत बायकोला अजून खरी माहीत नाही. आणि नव्यानं धर्म बदललेल्या माणसासारखा मी सुटलो. पोट पुढं घालून येणाऱ्या व्यापाऱ्यांवर ओरडायचो, "गोळ्या कसल्या मागता, शेटजी? सायकल चालवा!" ते घाबरून हो म्हणायचे आणि स्कूटरनं घरी जायचे. उदाहरणाला माझ्याजवळ हुकमी माणूस होता. "आमच्या वनाभाऊंकडे बघा. रोज बावीस किलोमीटर. छातीचा भाता बघा!" मी त्यांच्या पाठीवर थाप मारायचो. वनाभाऊ फुगा पुसत खाली बघायचे.

मागच्या वर्षी जागतिक हृदय दिन रविवारी आला. मंडळानं पारोळा ते धुळे सायकल फेरी ठरवली आणि मी बॅनर करून घेतलं. त्यावर वनाभाऊंचा काळ्या सायकलीसकट फोटो आणि खाली मजकूर, माझाच: "एकोणचाळीस वर्षं, पृथ्वीला सहा फेऱ्या, एकही गोळी नाही." गुणाकार मीच केला होता. फार खूश होतो.

त्याआधी वनाभाऊंनी मला दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा श्रावणात, कानबाईचा सण उठल्यावर. म्हणाले, साहेब, गावाकडच्या चढाला छातीत जळजळ व्हस. मी हसलो. खान्देशात छातीत जळजळ हा काही आजार नाही, ती जेवल्याची पोच आहे. मी म्हणालो, "वनाभाऊ, चार दिवस कानबाईचे रोट हाणलेत, खीर हाणलीत, मग काय थंडाई वाटणार?" बाहेर बसलेले पेशंटही हसले. वनाभाऊही हसले.

दुसऱ्यांदा सप्टेंबरात. या खेपेला ते दार लोटून आत आले आणि हळू म्हणाले, "चढले कोणी छातीवर हात ठेवस तसं वाटस. खाले उतरनू का बरं वाटस." चढाला दुखतं, थांबलं की राहतं. वैद्यकीच्या पोराला परीक्षेत एवढं एक वाक्य सांगितलं तरी तो झोपेत उत्तर देईल. मी गुलाबी औषधाची बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "रात्रीचं भरीत बंद करा. तुम्हाला काय होणार आहे? तुम्ही आमचं बॅनर आहात." माझ्या स्वतःच्या भाषणावर माझा एवढा विश्वास बसला होता की समोरचा माणूस काय बोलतोय ते मला ऐकूच आलं नाही. ऐकू आलं नाही हेही खरं नाही म्हणा. ऐकलं, आणि ते माझ्या बॅनरशी जुळत नव्हतं.

फेरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चार वाजता मी घाईत होतो. टी-शर्टांचे गठ्ठे आले होते, त्यात सगळे एकाच मापाचे, आणि मी फोनवर कुणाला तरी झापत होतो. वनाभाऊंनी पाच-सहा पट्ट्या पुढं ठेवल्या. मी फोन कानाला लावूनच "ठीक", "ठीक" करत गेलो. शेवटची पट्टी त्यांनी वेगळी धरली होती. मागं नाव होतं, चिंधा पाटील, वय अठ्ठावन्न, सावखेडे.

"हा कोण?"

"गावना शे. चढले छाती भरी येस. थांबनं का बरं वाटस."

मी पट्टी उजेडाला धरली. छातीच्या तीन तारांत एक लहर उलटी पडली होती. वर असायला हवी ती खाली. मी ती पाहिली. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की पाहिली नाही, पण पाहिली.

"आत्ता दुखतंय का त्याला?"

"नही."

"कुठाय तो?"

"गया घर. गाडी व्हती."

"जुनं दिसतंय," मी म्हणालो आणि कोपऱ्यात लिहिलं, "सोम". फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत होता. मी पट्टी परत देताना वर म्हणालो, "आणि त्याला सांगा, नुसतं बसून राहू नको म्हणावं. सायकल चालव."

"सांगसू, साहेब," वनाभाऊ म्हणाले आणि पट्टी घडी करून घेऊन गेले.

रविवारी सकाळी सहाला बाजार समितीसमोर शंभर-सव्वाशे माणूस जमलं. वनाभाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. नवरा-बायकोला व्यासपीठावर उभं केलं, टोपी घातली, शाल, नारळ. यशोदाबाईंनी पदर दातात धरला होता आणि त्या समोरच्या गर्दीकडं न बघता नवऱ्याकडं बघत होत्या. मला वाटलं लाजताहेत. फेरी निघताना वनाभाऊ माझ्याजवळ आले.

"मी अठेच थांबू का, साहेब? दवाखाना उघडा ठेवतू."

"रविवारी कसला दवाखाना? फोटो तुमचा आहे वनाभाऊ, माझा नाही. चला पुढं!"

ते पुढं झाले. यशोदाबाई पाण्याच्या आणि केळ्यांच्या जीपमध्ये बसल्या. तो रस्ता मी अनेकदा केलेला, मोठा चढ नाही, पण त्या दिवशी वारा तोंडावर होता. मुकटीच्या अलीकडे थोडी चढण लागते, तिथं मला पुढं काळी सायकल दिसली. वनाभाऊ तिच्यावर नव्हते. मोरीच्या कठड्यावर बसले होते, शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा राखेच्या रंगाचा. सायकल मात्र नीट स्टँडवर लावलेली होती.

नाडी बघायला हात हातात घेतला तर तो गार. मी जीप थांबवली, प्रथमोपचाराची पेटी उघडली. पेटीत खरचटल्यावर लावायच्या पट्ट्या होत्या, पायात गोळा आल्यावर मारायचा स्प्रे होता, लिंबाच्या चवीची पावडर होती. हृदयाच्या नावानं काढलेल्या फेरीच्या पेटीत ॲस्पिरिनची एक गोळी नव्हती. मी ओरडायला लागलो, कुणावर ते माहीत नाही.

"गोयी चावी लिधी, साहेब," वनाभाऊ म्हणाले. त्यांनी मूठ उघडली. मुठीत ॲस्पिरिनचं फाटलेलं पाकीट होतं. ते त्यांच्याकडं कसं आलं हे विचारायला मला सुचलं नाही. आम्ही त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं यशोदाबाईंच्या मांडीवर, आणि जीप धुळ्याकडं सोडली.

फागणे गावाच्या आसपास मी विचारलं, "तुमच्या खिशात गोळी कशी?"

"पट्टी दखी ना कालदिन."

"कुणाची?"

"मनी." पेशंटचा निरोप सांगावा तशा सुरात ते बोलत होते. "बेबाबाईले बटन दाबाले लावं. नाव चिंधा टाकं. बॅनर छापाई जायेल व्हतं ना, साहेब." थोडं थांबून म्हणाले, "तुम्हीन सोमवार लिखं. म्हनं, सोमवारलगून काय व्हस."

बेबाबाई म्हणजे आमच्याकडे झाडलोट करणारी बाई. तिला बटण दाखवून, स्वतःच्या छातीवर स्वतः फुगे लावून, हा माणूस त्या टेबलावर एकटा झोपला होता. आणि चिंधा हे खोटं नाव नव्हतं. आधीची दोन मुलं गेली म्हणून तिसऱ्याला दृष्ट लागू नये, चिंधीच्या मोलाचा ठरावा, म्हणून त्यांची आई त्यांना चिंधा म्हणायची. वना हे नाव शाळेत लावलं. ती म्हातारी दवाखान्यात यायची तेव्हा ओट्यावरून हाक मारायची, "चिंधा, ओ चिंधा!" मी ती हाक लहानपणी शंभर वेळा ऐकली होती. अठ्ठावन्न वर्षांचा, सावखेड्याचा, पाटील, चिंधा. एवढं सगळं लिहून दिलं होतं त्यांनी. मी सीटला धरून बसलो होतो आणि यशोदाबाई माझ्याकडं बघत होत्या.

धुळ्यात साक्री रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टर हेमांगी होती. हृदयरोगतज्ज्ञ, वयानं माझ्या पुतणीएवढी, शिकत असताना माझ्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसायची. तिनं दहा मिनिटांत सगळं जुळवलं. वनाभाऊंचा शर्ट काढला, तारा लावल्या, नवी पट्टी बघितली आणि मान न वळवता मला विचारलं, "सर, याआधीचा ईसीजी आहे? एक-दोन दिवसांत कधी काढला होता?"

साधा प्रश्न होता. कुठल्याही पेशंटच्या वेळी विचारतात तो. तिच्यामागं दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, नर्स होती, आणि मी गादीची चड्डी आणि "हृदयासाठी सायकल" लिहिलेला टी-शर्ट घालून उभा होतो.

"नाही," मी म्हणालो.

पट्टी काढली होती, मी पाहिली होती, मी "सोम" लिहिलं होतं, हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. तोंडातून नाही आलं. आणि तेवढ्यात वनाभाऊंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. या माणसाला त्या वेळी श्वास पुरत नव्हता. तरी तो मास्क सरकवून म्हणाला, "नही मॅडम. मनी पट्टी कधीच काढी नही."

हेमांगीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ट्रॉली आत गेली. दाराशी यशोदाबाई पिशवी धरून उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही उत्तरं ऐकली होती.

वनाभाऊ वाचले. मोठी नळी बंद पडली होती, ती उघडली, स्प्रिंग बसवली. पण हृदयाचा पुढचा भाग बराचसा गेला. हेमांगीनं मला बाहेर सांगितलं, "पंपिंग पस्तीस टक्के आहे, सर. एक दिवस आधी आले असते तर बहुतेक सगळं वाचलं असतं." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

तीन महिन्यांनी ते पुन्हा कामावर आले, एसटीनं. मी म्हणालो आणखी आराम करा, तर म्हणाले, घरात बसून माणूस आजारी पडतो. आता ते स्टुलावर बसून पट्टी काढतात. जिना चढताना मध्ये थांबतात आणि थांबल्याचं कुणाला कळू नये म्हणून भिंतीवरचं लसीचं पोस्टर वाचतात. ते पोस्टर त्यांना पाठ आहे. काळी सायकल दवाखान्याच्या पडवीत उभी असते. शनिवारी ते तिला पुसतात, चाकात हवा आहे का अंगठ्यानं दाबून बघतात. मी त्या वेळी पडवीत जात नाही.

आल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी ती घडी केलेली पट्टी माझ्यापुढं ठेवली. "हाई फाडी टाका," म्हणाले. मी हो म्हणालो आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. एवढंच आमचं त्या विषयावरचं बोलणं.

या वर्षी मंडळानं पुन्हा कार्यक्रम केला. मी ठरवून गेलो होतो की सांगायचं. पट्टी खिशात होती. माईकवर उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्याच दवाखान्यातला, माझ्या घरचा माणूस छातीत दुखतं म्हणत होता आणि मी ऐकलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." एवढं बोललो आणि समोर शांतता पसरली. ती शांतता, खरं सांगतो, मला आवडली. त्या शांततेत मी पुढचं विसरलो. पेन्सिलीचा शब्द सांगितला नाही. "नाही" सांगितलं नाही. पट्टी खिशातच राहिली. मग टाळ्या पडल्या, एक वकील उठून म्हणाले की असं चारचौघांत कबूल करायला मन मोठं लागतं, आणि मी हात जोडले. नारळही घेतला. लाज सांगायला गेलो होतो आणि सत्कार घेऊन खाली उतरलो.

खाली यशोदाबाई केळ्यांच्या टोपलीपाशी पोरांना केळी वाटत होत्या. मी जवळून जाताना त्यांनी हात थांबवला.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा ना, अक्का."

"धुयाना दवाखानामा तुम्हीन 'नही' काबर सांगं?"

आवाज चढवला नव्हता. वर्षभर ठेवलेला प्रश्न त्यांनी केळी देता देता विचारला. त्यांनी थोडी वाट बघितली, मग पुढच्या पोराला केळं दिलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी पेशंट सोडून धुळ्याला गेलो. हेमांगीच्या टेबलावर पट्टी ठेवली, मागची बाजू आणि पुढची बाजू दाखवली, आणि सगळं सांगितलं. या वेळी राहू दिलं नाही काही.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, सर," ती म्हणाली.

"कसं?"

"छातीवर ब्लेडनं साफ केलेले सहा चट्टे होते. ताजे. बरोबर जागेवर. आमच्या पोरांना इतके नीट जमत नाहीत. आणि फुग्यांचे लाल वळसुद्धा होते."

त्या खोलीत मी एकटाच होतो ज्याला वाटत होतं की खोटं पचलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणालात. पेशंटही नाही म्हणाले." तिनं खांदे उडवले नाहीत, टोमणाही मारला नाही. "ती वेळ वाद घालायची नव्हती."

मी तो जुना केसपेपर मागवला. आदल्या वर्षाच्या गठ्ठ्यातून माणसानं शोधून आणायला तास लावला. मी म्हणालो, मला यावर दुरुस्ती करायची आहे. ती म्हणाली, जुनं खोडता येणार नाही, खाली आजची तारीख घालून लिहा आणि सही करा. मी लिहिलं: आदल्या दिवशी चार वाजता ईसीजी काढला होता, मी स्वतः पाहिला होता, बदल दिसत होते, मी सोमवारी बोलावलं. नाव घातलं, नोंदणी क्रमांक घातला. परत येताना गाडीत मला वर्षात पहिल्यांदा हलकं वाटत होतं. मुकटीची मोरी आली तेव्हा मी तिकडं बघूही शकलो.

दवाखान्यात वनाभाऊ त्यांच्या खोलीत कापसाचे बोळे करत बसले होते. मी दारात उभा राहिलो.

"वनाभाऊ, धुळ्याला जाऊन आलो. कागदावर खरं लिहून आलो. पट्टी काढली होती, मी पाहिली होती, सगळं."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं होतं, काय वाटलं होतं कोण जाणे. कदाचित ते मान हलवतील, कदाचित लीलाभाऊ म्हणतील.

"कागदवर?" ते म्हणाले. "मनं काय लिखेल शे तठे?"

"तुमचं?"

"मी बी 'नही' सांगं व्हतं ना. त्या मॅडमनी ते बी लिखेल व्हई."

लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. माझ्या "नाही"च्या पुढं, त्याच ओळीत, "पेशंटचंही तसंच म्हणणं आहे." आणि त्याच्या खाली आता माझी टपोऱ्या अक्षरातली दुरुस्ती, सहीसकट. ते वाक्य वाचून, त्याच्याखाली लिहून, वर तासभर गाडी चालवून मी आलो होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चाळीस वर्षं म्हाताऱ्यांची वयंसुद्धा खरी लिहिणारा माणूस.

"तुम्ही खरा व्हयनात, साहेब," वनाभाऊ म्हणाले. "मी खोटा पडनू."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते तसं म्हणाले आणि कापसाकडं वळले. मी काहीतरी बोलायला लागलो, पण त्याच वेळी बाहेरून एक म्हातारा नातवाच्या आधारानं आत आला, धाप लागलेला, आणि वनाभाऊ स्टुलावरून उठले. त्याला टेबलावर निजवलं. बंडी वर केली, बरगड्या मोजल्या, ब्लेड घेतलं. मी अजून दारातच होतो.

"साहेब, बाजूले व्हा," ते म्हणाले. "उजेड अडस."